काळी एक

रविवार, २ मार्च

गाणं एकदाचं लिहून झालं. मुखडा आणि दोन कडवी. चाल कधीची डोक्यात होती, शब्दच जागेवर बसत नव्हते. आता बसलेत. दुसरं कडवं सरळ माझ्या वडिलांना, आप्पांना, उद्देशून आहे आणि ते कळायला फार डोकं लागत नाही:

नऊ वर्षांचा फ्रॉक माझ्या तू अंगावर शिवलास,
वाढले मी, पण टाका एकही उसवू नाही दिलास.

हे ऐकून आप्पांचा चेहरा कसा होईल, याचा विचार मी आज दिवसभर करत नाहीये. म्हणजे दिवसभर तेच करतेय.

नऊ वर्षांची होते तेव्हा मी पेन्सिलीचं गाणं गायले. टोक करून घ्यायला तयार नसलेल्या हट्टी पेन्सिलीचं. ते रेडिओवर वाजलं, शाळाशाळांत वाजलं, वाढदिवसांना वाजलं. आज मी छत्तीस वर्षांची आहे, केस रंगवते, पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे बसते. नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून तावातावानं भांडायला आलेला माणूससुद्धा मध्येच थांबतो आणि विचारतो, तुम्ही त्या पेन्सिलवाल्या ना? मग दोन ओळी म्हणा म्हणतो. पाणी राहतं बाजूला.

महिन्यातून दोन-तीन रविवार कार्यक्रम असतात. पेटीवर आप्पा, तबल्यावर तबलजीकाका, मध्ये मी. आप्पांशिवाय दुसऱ्या कुणाच्या पेटीवर मी आजवर गायलेच नाही. निवेदक न चुकता सांगतो की सत्तावीस वर्षं झाली तरी तोच आवाज आणि तीच पट्टी, काळी एक. पट्टी म्हणजे काय हे समोरच्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पेटीवरची कुठली पट्टी 'सा' धरून गायचं, एवढंच ते. काळी एक धरली की लहान पोरांना सोपं जातं आणि बाईमाणसाला फार उंच चढावं लागतं. मी चढते. लोक टाळ्या वाजवतात. आप्पांनी मला कधी खाली उतरूच दिलं नाही, हे त्या टाळ्यांमागचं खरं.

एका संगीत संस्थेनं दहा जणांना बोलावलंय. प्रत्येकानं स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं एक गाणं एकट्यानं गायचं. रेकॉर्डिंग एकतीस तारखेच्या आत झालं पाहिजे, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाईल. ही जागा गेली तर मी मरेपर्यंत पेन्सिलच.

बुधवार, ५ मार्च

ऑफिस सुटल्यावर आई-आप्पांकडे गेले. जानेवारीत वेगळी खोली घेतली तेव्हापासून आठवड्यातून दोनदा रियाजाला जातेच. आज सांगून टाकलं, की स्टुडिओत गाणार आहे, माझं मी लिहिलंय, पेटी-तबला नाही, एकजण कीबोर्डवर ट्रॅक करून देणार आहे.

वाटलं होतं, विचारतील काय लिहिलंस. ते नाहीच. आप्पांनी विचारलं, "पट्टी कोण देणार?" मी म्हटलं, मीच देणार, मला माझी पट्टी माहीत नाही की काय. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी येऊ का बरोबर, नुसता कोपऱ्यात बसेन, असंही म्हणाले. मी नाही म्हटलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं मान वर केली नाही, पण एक टॉवेल तिनं तीनदा घडी केला.

रियाजाला बसताना नेहमीप्रमाणे मला पाणी आणायला पाठवलं. ही आप्पांची जुनी खोड. मी येईपर्यंत पेटी लावून तयार, वर शाल नीट पसरलेली. गाणाऱ्यानं पेटीला हात लावला की गळा आळशी होतो, असं त्यांचं शास्त्र आहे, त्यामुळे एवढ्या वर्षांत मी पेटीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. ही नवी पेटी बारा वर्षांपूर्वी आणली, जुनीला दम लागतो म्हणून. तिला ते काचेचं सामान असल्यासारखे जपतात.

आज मात्र पेटीच्या खोक्यात माझी लाल नेलपॉलिशची बाटली दिसली, जिच्यासाठी मी या घराचे सगळे खण पालथे घातले होते. विचारलं तर म्हणाले, तंबोऱ्याच्या डबीवरचा ठिपका पुसट झाला होता, म्हणून लागली. मी घर सोडलं तेव्हा त्यांनीच ती डबी मला दिली. विजेवर चालते, बटण फिरवू त्या पट्टीचा 'सा' देत राहते, आणि बटणाभोवतीचे आकडे केव्हाच झिजलेत, म्हणून ठिपका. बटण ठिपक्यावर ठेवायचं, हलवायचं नाही, दुसरा तंबोरा वापरायचा नाही, असं तीनदा बजावून दिली. बाहत्तर वर्षांचा माणूस नेलपॉलिश चोरतो. मी हसले, ते नाही हसले.

शनिवार, ८ मार्च

स्टुडिओ एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जिन्यातून चढताना खालून ड्रिलचा आवाज येतो, आत गेल्यावर एकदम कापूस कोंबल्यासारखी शांतता. कीबोर्डवाला माझ्याहून लहान असेल, गळ्यात कायम हेडफोन. मी गुणगुणून चाल ऐकवली. त्यानं मन लावून ऐकली, एक-दोन ठिकाणी मान डोलावली. मला तेवढं पुरलं.

पट्टी विचारली. मी काळी एक म्हटलं. त्यानं भुवया वर केल्या आणि विचारलं की नक्की का, कारण एवढ्या उंच बायका सहसा गात नाहीत. मी म्हटलं, मी सत्तावीस वर्षं गातेय. सांगताना मान जरा ताठ झाली हे कबूल करते.

गुरुवार, १३ मार्च

काय लिहू. वाट लागली.

हेडफोन लावले, ट्रॅक सुरू झाला, आणि पहिला 'सा' ऐकला तेव्हाच तो कानाला जरा टोचला. वाटलं, नवी जागा आहे, नवे हेडफोन आहेत. मुखडा कसाबसा निभावला. दुसऱ्या कडव्यात 'उसवू'वर चाल वर जाते, तिथे आवाज फाटला. चिरकला म्हणायचीही लाज वाटते. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्याच्याही आधी, 'वाढले मी'वरच फुटला.

कीबोर्डवाल्यानं बाहेर येऊन पाणी दिलं आणि म्हणाला, सोमवारी घेऊ, काही घाई नाही. घाई आहे. अठरा दिवस राहिलेत.

छत्तिसाव्या वर्षी गळा गेला तर मी काय आहे? खिडकीमागची बाई.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी उठून आधी डबी लावली, बटण ठिपक्यावर. देवाशपथ, अख्खं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले. 'उसवू'सुद्धा. दोनदा. घशात खरखर नाही, काही नाही. शेजारच्या आजी दार वाजवून सांगून गेल्या की चाल गोड आहे.

म्हणजे गळा ठीक आहे. मग बिघाड कुठे आहे? बिघाड डोक्यात आहे. ऑफिसात दिवसभर हाच विचार. आप्पांच्या पेटीवर गाता येतं, त्यांनी दिलेल्या डबीवर गाता येतं, आणि त्यांची सावली नसलेल्या खोलीत गेले की आवाज फुटतो. त्यांनी मला असं बांधून ठेवलंय की बाहेर पाऊल टाकलं की श्वास कोंडतो. गाणं मी यावरच लिहिलंय आणि गाणंच मला गाता येत नाहीये. यावर हसावं की रडावं?

एका गृहस्थांना मी आज पत्ता विचारायच्या ऐवजी पट्टी विचारली. त्यांनी पाणीपट्टी भरल्याची पावती दाखवली.

सोमवार, १७ मार्च

आज तर आप्पाच आले होते.

मी दहा मिनिटं आधी पोचले. जिन्याच्या वळणावर आप्पा कीबोर्डवाल्याच्या दंडाला धरून हळू आवाजात काही सांगत होते. मला बघितलं आणि दंड सोडला. माझं डोकंच फिरलं. दातांच्या दवाखान्यातले पेशंट दारातून डोकावायला लागले एवढी ओरडले. मी नऊ वर्षांची नाही, म्हटलं. शाळेत सोडायला आल्यासारखे इथेही आलात, म्हटलं. आणि शेवटी, "आप्पा, आयुष्यात एक गोष्ट तरी माझी मला करू द्या."

"मी एवढंच सांगत होतो की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुढचं गिळून टाकलं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वळून बघितलं नाही.

आत गेल्यावर कीबोर्डवाला म्हणाला, ताई, तुमचे वडील ट्रॅकबद्दल काहीतरी सांगत होते, मला वाटतं तुम्ही ऐकायला हवं. मी म्हटलं, त्यांचं एक अक्षरही ऐकायचं नाही, आणि तुम्हीही मला सांगायचं नाही. तो बिचारा हो म्हणाला.

नंतर गायले. गुरुवारपेक्षा वाईट. शेवटी तर नुसती हवा.

मंगळवार, १८ मार्च

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाकातून बारीक कॅमेरा घालून त्यांनी मला पडद्यावर माझाच गळा दाखवला. थोडी सूज आहे, ताण दिल्यामुळे. बाकी ठणठणीत. मी पुन्हा विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, गाठ नाही, फोड नाही, काही नाही. आनंद व्हायला हवा होता. उलट भीती वाढली, कारण गळ्यात काही सापडलं असतं तर निदान त्याला औषध असतं.

पट्टी काय असते ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मला चार वाक्यं बोलायला लावली, मग गायला लावलं, आणि विचारलं, "तुम्ही बोलता इतक्या खालून, मग गाता इतक्या वरून का? हा गळा मोठ्या बाईचा आहे." मी म्हटलं, लहानपणापासून तीच सवय आहे, वडिलांनी लावलेली. त्या 'अच्छा' म्हणाल्या आणि चार दिवस मौन लिहून दिलं.

गुरुवार, २० मार्च

खिडकीवर पाटी लावलीय: 'घसा बसला आहे. तक्रार लिहून द्यावी.' तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेब म्हणाले, पाटी कायमची राहू द्या.

संस्थेचं पत्र आलं. रेकॉर्डिंग कुठवर आलं, अशी विचारणा. अडचण असेल तर वेळेत कळवा, पुढच्या उमेदवाराला तयारीला अवधी मिळेल, असंही आहे. पुढचा उमेदवार पेटी-बिटी काढून बसलासुद्धा असेल. उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं.

शनिवार, २२ मार्च

आप्पांचा फोन. आईनं त्यांना मौनाचं सांगितलं असणार, कारण म्हणाले, बोलू नकोस, नुसतं ऐक. मग ऊन किती वाढलंय तेच सांगत राहिले. आईचा आवाज आला मागून, "सांगा ना एकदाचं." शेवटी म्हणाले, "थोडं खाली गायलं म्हणून कुणी मरत नाही गं."

मी फोन ठेवून दिला. मौनात भांडताही येत नाही. जन्मभर वर टांगून ठेवलं, आणि आता मी स्वतःचं काही करायला निघाले तर म्हणतात, खाली गा. म्हणजे मला झेपणार नाही. माझ्या गाण्याची उंचीही तेच ठरवणार.

रविवार, २३ मार्च

मौन सुटलं. कीबोर्डवाल्याचा निरोप होता की शुक्रवार, अठ्ठावीस, हा एकच दिवस त्याच्याकडे मोकळा आहे, आणि हवं असेल तर तो ट्रॅक खाली आणून देईल, त्यात कमीपणा काही नाही. मला ते वाचून रडू आलं. कीव करतोय.

त्याला दाखवून द्यायचं ठरवलं. डबी लावली, फोन उशीवर उभा केला, अख्खं गाणं एका दमात गायले आणि पाठवून दिलं. खाली लिहिलं: 'काळी एक. आजच सकाळी. गळा शाबूत आहे.'

सोमवार, २४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. आधी म्हणाला, फार छान गायलंय. मग अडखळला. मग म्हणाला, "ताई, पण हे काळी एक नाहीये. ही तिच्या डावीकडची, खालच्या सप्तकातली काळी पाच आहे. तीन पट्ट्या खाली."

मी म्हटलं, फोनमध्ये बिघाड असेल. तो म्हणाला, फोन आवाज खराब करेल, पट्टी खाली नेणार नाही. मी म्हटलं, मग तुमच्या कीबोर्डमध्ये असेल. मग डबीवरचा लाल ठिपका डोळ्यांसमोर आला. मग ती नेलपॉलिशची बाटली.

अर्धा दिवस रजा टाकली आणि थेट तबलजीकाकांकडे गेले. ते हातोडी घेऊन तबला लावत बसले होते. मी विचारलं, आपण कुठल्या पट्टीत गातो? ते ठोकतच राहिले. लागलेला तबला पुन्हा पुन्हा ठोकला. शेवटी हातोडी खाली ठेवून म्हणाले, मला कशाला विचारतेस, बापाला विचार. पण मी हलले नाही, तेव्हा बोलले. बारा वर्षं झाली. नवी पेटी आली ना, तिच्या पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकते, बोटं काळी एकवरच ठेवायची आणि आवाज खालचा येतो. आधी एक पट्टी उतरवली. चार वर्षांनी आणखी एक. तिसरी गेल्या वर्षी. तबला त्या सुरात मिळवायला लागतो म्हणून त्यांना सांगावं लागलं. जिना उतरताना ते मागून म्हणाले, रागावू नकोस त्याच्यावर.

रागावू नकोस म्हणे.

मंगळवार, २५ मार्च

ऑफिसला गेलेच नाही. सकाळीच घरी धडकले. आप्पा दाढी करत होते. मी काही न बोलता आतल्या खोलीत गेले आणि पेटीवरची शाल ओढून काढली. बाजूला पट्ट्या सरकवायचा पितळी खटका होता. इतकी वर्षं माझ्यापासून दोन हातांवर.

मग मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. लोकांसमोर माझं हसं केलंत, म्हटलं. निवेदक दर रविवारी खोटं बोलतो आणि मी ताठ मानेनं उभी राहते. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलंत. तुम्हीच मला त्या पट्टीवर चढवून ठेवलंत, कधी उतरू दिलं नाहीत, आणि वरून हे. आप्पा अर्ध्या दाढीनं दारात उभे. गालावरचा साबण वाळत चालला होता. बोलली ती आई.

"आणि तू दोन दिवस जेवली नव्हतीस, ते?"

मी म्हटलं, कधी?

आईनं सांगितलं. मी चोवीस वर्षांची होते. सलग कार्यक्रमांनी घसा बसला होता. आप्पा म्हणाले, आता दोन पट्ट्या खाली येऊ, वय वाढलं की सगळेच येतात. मी खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस उघडलं नाही. ताट दाराशी ठेवलं तर तसंच परत. आणि आतून ओरडले की काळी एक गेली तर माझ्याकडे काय उरतं, पट्टी सोडायची असेल तर मी गाणंच सोडते.

"हे तुम्ही म्हणाला होतात," मी आप्पांना म्हटलं. "पट्टी सोडायची नाही, हे तुमचं वाक्य आहे."

"तुझं आहे," आई म्हणाली. "दाराच्या आतून. मी बाहेर उभी होते."

आप्पांनी पंच्यानं गाल पुसला. खाली बसले, शाल उचलली, घडी घातली. मग पेटीकडे बघत म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस. म्हणून मग पेटीला सांगितलं."

मी निघून आले. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

बुधवार, २६ मार्च

आठवतंय. सगळं नाही, पण कडी आठवतेय. खालची कडी घट्ट होती आणि ती लावताना माझं बोट चेमटलं होतं. नख काळं पडलं होतं. कार्यक्रमात त्यावर मी लाल रंग लावला. ते बोट कशानं चेमटलं हे मला बारा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

लाज वाटतेय. राग पण गेलेला नाही, दोन्ही एकदमच आहेत. त्यांनी मला सांगायला हवं होतं. पण मी ऐकलं असतं का? जिन्यात सांगायला आले तर पेशंटांसमोर हाकललं. फोनवर सांगायला लागले तर फोन ठेवला. आणि या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय मी, खाली उतरू दिलं नाही म्हणून. चांगल्या अक्षरात.

ते दुसरं कडवं आता मला गाता येणार नाही. गळ्यामुळे नाही. ते खोटं आहे. आणि परवा रेकॉर्डिंग.

गुरुवार, २७ मार्च

कीबोर्डवाल्याला कळवलं, ट्रॅक खाली आणा. त्यानं विचारलं, काळी पाच करू? मी लिहिलं, माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पट्टी विचारली आणि मला माहीत नाही. तो म्हणाला, मग उद्या समोरच बघू.

एका ओळीवर दिवस गेला. खिडकीवर तक्रारीच्या फॉर्ममागे लिहीत होते. एका बाईंना चुकून तोच फॉर्म दिला. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, माझा नळ गळतोय, फ्रॉक नाही.

उद्या जमलं नाही तर? खाली गेले आणि तिथेही काही नसलं तर? आप्पांनी शोधलेली जागा आहेच, काळी पाच, तिथे मी गाऊ शकते हे सिद्ध झालंय. तीच धरावी. पण तीही मी न बघता त्यांनी दिलेली.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी अकरा वाजता स्टुडिओ. कुणालाही बरोबर नेलं नाही.

काळी पाचवर मुखडा गायले. सहज जमला. कीबोर्डवाला काचेपलीकडून अंगठा दाखवून खूश, घेऊन टाकू म्हणाला. मी म्हटलं, आणखी एक खाली. त्यानं उतरवलं. गायले. ठीक. आणखी एक खाली, म्हटलं. तो म्हणाला, ताई, वेळ कमी आहे. मी म्हटलं, एकच.

काळी चार लागली आणि मी तोंड उघडलं. जो आवाज आला तो मी घरी कधी ऐकला नव्हता, स्टेजवर तर नाहीच. मग ओळखला. खिडकीत बसून मी 'पुढचे या' म्हणते ना, तो आवाज. जरा जाड, जरा घोगरा, दमलेला नाही. त्यानं मी दिवसभर लोकांशी बोलते, आणि गायला मात्र त्याला कधी घेतलं नव्हतं. दोन ओळी झाल्यावर मी थांबले, कारण रडू येत होतं. कीबोर्डवाल्यानं ट्रॅक बंद केला.

मग गायले. दुसरं कडवं असं:

नऊ वर्षांचा फ्रॉक अंगावर मीच शिवून घेतला,
वाढत गेले, टाका एकही नाही उसवू दिला.

'उसवू' तिथेच होतं, पण चढायचं उरलं नव्हतं. दोन टेकमध्ये झालं. पहिल्यात शेवटच्या ओळीला खोकला आला म्हणून दुसरा. संस्थेला त्यानं माझ्यासमोरच पाठवून दिलं.

जिन्यात उभी राहून आप्पांना फोन लावला. खालून ड्रिल चालू होतं. मंगळवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, झालं रेकॉर्डिंग. त्यांनी गाणं कसं झालं हे विचारलं नाही, शब्दही विचारले नाहीत.

"कुठली धरलीस?"

"काळी चार. पाच पट्ट्या खाली."

"पाच?" म्हणाले. "मी बारा वर्षांत तीनच उतरलो गं. पुढे धीर झाला नाही."